तिरपी वही

शनिवार, १२ एप्रिल
हेमांगीच्या डाव्या बोटांवर चार वळ. मोजले. पहिलीतली पोर! आबांनी, तिच्या आजोबांनी, लाकडी पट्टीने मारलं. "डावरी कुठली! लिहाना हात कोनता शे?" एकेका शब्दाला फटका. लीलाधरदादा समोरच चहा पीत होता. तिचा बाप! आबांपुढे आम्ही दोघं भाऊ अजून पोरंच.
मीही पेपर वाचत राहिलो.

सोमवार, १४ एप्रिल
शाळेला सुट्टी. आबा एरंडोलला लग्नाला. दार लावून तिला शिकवलं. वही उजवीकडे तिरपी. पेन्सिल टोकापासून दोन बोटं वर धरायची. हात ओळीच्या खाली, म्हणजे अक्षर पुसत नाही. शब्दावरची रेघ उजवीकडून डावीकडे ओढू दिली. दोन ओळी स्वच्छ!
"काका, डाग नाही पडला!" ती ओरडली. मी आधी दाराकडे पाहिलं.

मंगळवार, २२ एप्रिल
आज मीच मारलं.
जिन्यावर आबांची पावलं वाजली. पेन्सिल उजव्या हातात घे म्हटलं — तीनदा. घेईना. पट्टी माझ्या हातात कधी आली कळलं नाही. फटका बसला. ती रडली नाही. हात पुढे धरून दुसऱ्या फटक्याची वाट पाहत राहिली.
मीही तसाच धरायचो.
पट्टी दगडाने ठेचली. चुरा होईपर्यंत.

बुधवार, ३० एप्रिल
आखाजी, अक्षय्य तृतीया. पितरांच्या आगारीचा घास हेमांगीनेच निखाऱ्यावर टाकायचा, आबांचा हुकूम. सगळे नातेवाईक जमणार.

रविवार, ४ मे
आखाजीला तिने घास डाव्या हाताने टाकला.
"पितरले उपाशी ठेवशी का, भवाने!" आबांनी तेच मनगट धरून निखाऱ्यांकडे ओढलं. ती किंचाळली. मी मध्ये हात घातला. त्यांनी चुलीतलं पेटतं लाकूड उपसून माझ्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग मी त्यांना ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा! डोकं भिंतीवर आपटलं, कपाळातून रक्त. ते मला घाबरले — आणि मला बरं वाटलं. पुन्हा मारणार होतो. दादाने कंबरेला मिठी मारून ओढलं.
हेमांगीचा तळहात थोडा भाजलाय. बोटं शाबूत.
मेहरूण भागातल्या दवाखान्यात माझ्या हाताला प्लास्टर घातलं.

सोमवार, ५ मे
हेमांगीने कालचं पान पाहिलं. "शी! हे कोणी लिहिलं?"
मी. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मी दुसरीत असताना आबांनी माझा डावा हात खाटेला बांधला होता, त्यानंतर काल पहिल्यांदा त्या हाताने लिहिलं.
तिने पट्टी बांधलेल्या हाताने माझी वही सरकवली.
"आधी तिरपी कर ना, काका."