आई लाँचमधून उतरली नाही

माझगाव, मुंबई
१३ जानेवारी १९९४

चि. प्रविणास अनेक आशीर्वाद.

काल सकाळपासून मी भाऊच्या धक्क्यावर वरच्या पायऱ्यांवर उभी होते. रेवसची लाँच आली, टोपल्यांसकट सगळी माणसं उतरली, आई तेवढी उतरली नाही. पुढच्या दोन लाँचही पाहिल्या. आज तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, ती तारीख गेली. डॉक्टर म्हणाले, एक डोळा गेल्यातच जमा आहे, दुसऱ्याला उशीर केलात तर हाती काही राहणार नाही. तू तिला बसवलंच नाहीस का? की तिला माझ्याकडे यायचंच नव्हतं? मला काही उमगत नाही.

ऋतुजाला पापा. लोभ कमी करू नकोस.
तुझी ताई, नम्रता

पेण
१७ जानेवारी

ती. ताईस सा. न.

रोह्याच्या कंपनीत शिफ्ट बदलून घेऊन मी स्वतः आईला लाँचमध्ये बसवलं. संध्याकाळी घरी येतो तर ती ओटीवर वाल सोलत बसलेली. म्हणाली, मुंबईला जाऊन आले, नमू काय आली नाय. खलाशानेच तिला परत आणून पेणच्या एसटीत बसवलं होतं. तो सांगतो, म्हातारीला किती वेळा उतर म्हटलं, ती गाठोडं मांडीवर घेऊन आत छपराखाली धक्क्याकडे तोंड करून बसून राहिली. तू म्हणतेस उभी होतीस, ती म्हणते नव्हतीस. मी कुणाचं खरं मानू? वैशालीला वाटतं, आईंचं डोकं चालेनासं झालंय. पण कालच आईने तिला आमटीत हिंग दोनदा पडल्याचं नुसत्या वासावरून सांगितलं.

राग धरू नकोस, माया असू दे.
प्रविण

पेण
२१ जानेवारी

चि. नमूस आईचा आशीर्वाद.

मी सांगते आणि ऋतुजा लिहिते. बाय गो, घरात सगळे मला येडी समजायला लागलेत. तुझा आजा धरमतरला मिठाच्या होडीतून उतरताना धुक्यात भलतीकडे पाय टाकून चिखलात रुतून गेला. तेव्हापासून आपल्या घरात काठावरच्या माणसाने हाक द्यायची आणि हाक येईल तिकडेच पाय टाकायचा, हे तुला ठाऊक हाय. मला आता धक्का नुसता पांढरा दिसतो, माणसं म्हणजे सावल्या. प्रविणला बोलले नाय, घाबरला असता. कान देऊन बसले होते. कुणाकुणाच्या हाका आल्या, तुझी नाय आली. उभी होतीस तर गप का होतीस? मुंबईत आईला हाक मारायची लाज वाटते व्हय?

नवी तारीख घे. मी येते. पण आवाज दे.
तुझी आई हौसा

माझगाव
२ फेब्रुवारी

चि. प्रविणास अनेक आशीर्वाद.

आई पोचली. लाँच टेकली तरी माझ्या तोंडून आवाज निघेना, चारचौघांत तसं ओरडायची सवयच मोडली आहे. खलाशी फळी काढायला वाकला तेव्हा कुठे ओरडले, लहानपणी बंदरावरून ओरडायचे तशी. कोळणी हसल्या. आई उठली, फळीवरून सरळ माझ्यासमोर आली आणि म्हणाली, आवाज बारीक झालाय तुझा, जेवतेस ना?

ऑपरेशन उद्या आहे. पट्टी सुटेल त्या दिवशी मी तिच्यासमोर उभी राहणार आहे, आणि तेव्हा मात्र एक शब्दही बोलणार नाही.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी ताई