सूपभर कोंड्याची लेक

प्रिय माय,

बघ, लिहिलं एकदाचं! तू जिवंत असताना या शब्दानं तुला एकदाही हाक मारली नाही. मारूच दिली नाहीस. जन्मभर तुला 'मावशी' म्हणत आले आणि तूही त्याच हाकेला ओ देत आलीस. सासरी आल्यावर तुला कधी पत्र टाकलं नाही, कारण तुला वाचता येत नव्हतं, आणि कुणी वाचून दाखवलं असतं तर मायना काय घालायचा हा प्रश्न होताच. शेवटी सही करताना काय लिहावं, ते तर अजूनही मला ठरवता येत नाही.

आज लिहायला बसले ते भांडायला. उद्या माझा दिनू विकायचा आहे. दचकू नकोस, तू मला विकलंस तसाच, सूपभर कोंड्यावर. आमच्या सासूबाईंनी ठरवलंय. मी त्यांना आत्याबाई म्हणते. माझी पहिली पोर महिन्याच्या आतच गेली, ते तू बघितलंसच. हा आता सहा महिन्यांचा झालाय. दात येताना जुलाब झाले, जरा सुकला, तर आत्याबाईंचा धीर सुटला. "तुझ्या मायनं तुला इकलं म्हनून तू वाचलीस. मंग तुला लेकाला इकाया काय झालं?" असं भर ओसरीवर विचारतात. मी नाही म्हणाले. तेव्हापासून घरात भांड्याला भांडं लागतंय. आमचे हे शाळेत मास्तर. वर्गात पोरांना सांगतात की हा सगळा खुळचटपणा आहे, आणि घरी येऊन मला म्हणतात, "तुम्ही बायका काय ते ठरवा!"

तू असतीस तर आत्याबाईंचीच बाजू घेतली असतीस. म्हणून आधी तुझ्याशी भांडून घेते.

माझ्या आधीची तिन्ही लेकरं तुझ्या मांडीवरच गेली. मी झाले तेव्हा आपल्या कळंबातल्या बायांनी तुला सांगितलं, हिला आपली म्हणू नको, जिची पोरं जगतात तिच्या ओटीत घाल. शेजारी चाँदबी पिंजारीण होतीच. तिचा नवरा गाद्यांचा कापूस पिंजायचा, आणि घरभर त्या तुसात लोळणारी पोरं, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं! पाचवी पुजायच्या आधीच तू मला तिच्या पदरात टाकलंस. तिनं सूपभर कोंडा तुझ्यापुढं सारला आणि व्यवहार झाला. सटवाई कपाळावर लिहायला आली तर तिला कळावं, की हे लेकरू या घरचं नाहीच. माझं नावही मग कोंडाच पडलं. शाळेतली पोरं 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' म्हणून चिडवायची. तू त्यांना कधी एका शब्दानं बोलली नाहीस. का बोलली नाहीस गं?

मला पाजायचीस तू, न्हाऊ घालायचीस तू, देवी टोचल्यावर रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसलीस तू. पण आल्यागेल्यानं विचारलं, की तुझं ठरलेलं उत्तर, "चाँदबीची हाय." मी चाँदबीला अम्मा म्हणायचं आणि तुला मावशी. 'माय मरो, मावशी उरो' म्हणत बाया हसायच्या. मला घरी न्यायचं तर तू रोज तिच्या दारात उभी राहून विचारायचीस, "चाँदबी, तुझी पोर जरा न्हेऊ का?" तीही कमरेवर हात ठेवून सांगायची, "न्हे, पर जपून! खरचटलं तर बघ!" तुमच्या दोघींचा हा खेळ वाड्यावस्तीला पाठ होता. खेळ आहे, हे फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझं नाव शाळेत घालायला गेलीस ते आठवतं? निजामाचं राज्य जाऊन शाळा उर्दूची मराठी झालेली, मास्तर नवे, लांबून आलेले. त्यांनी विचारलं, पोर कुणाची? तू तिथंही तेच! "चाँदबी पिंजारणीची." त्यांनी तसंच लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी बा टोपी चढवून शाळेत गेले आणि मास्तरांना सगळी कथा समजावून सांगता सांगता घामाघूम झाले. घरी आल्यावर ते तुझ्यावर केवढे ओरडले! तू खाली बघून ज्वारी निवडत राहिलीस.

एवढंच असतं तर चाललं असतं. पण मी जेवायला बसले की तू तोंड फिरवायचीस. ताटात भाकर वाढायची, वर आमटी ओतायची, आणि चुलीकडं बघत बसायचं. चाँदअम्मा तिच्या पोरांच्या तोंडाकडं बघत बसायची, 'खा रे, और ले' म्हणत हातानं भरवायची. मला वाटायचं, मी खाते ते हिला बघवत नाही. मायची नजर सगळ्यात वाईट, ती दगडालासुद्धा लागते, असं बाया म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी कळलं असतं तर किती बरं झालं असतं!

एकदा मी पाटी आणि दुसरं झंपर पिशवीत कोंबून चाँदअम्माकडं गेले. म्हटलं, "अम्मा, म्या हितंच ऱ्हाणार. तूच घेतलीस नं मला?" तिनं मला आत घेतलं. जेवू घातलं आणि तिच्या पोरांबरोबर सरकी वेचायला बसवलं. दिवसभर नाकातोंडात कापूस. संध्याकाळी तू दारात. "चाँदबी, तुझी पोर जरा न्हेऊ का?" आवाज रोजचाच होता. पण तुझ्या हाताला पीठ तसंच होतं आणि पायात वहाणा नव्हत्या. मी मुद्दाम सरकी वेचत राहिले. तू पुन्हा विचारलंस. अम्मा म्हणाली, "न्हे बाई, लई खाती ही!" रस्ताभर तू माझं मनगट इतकं घट्ट धरलंस की दुखलं.

मग लग्न ठरलं. आता काही झालं तरी मला परत विकत घ्यायलाच हवं होतं. दुसऱ्याच्या लेकीचं कन्यादान कसं करणार? भटजींनीही तसंच सांगितलं. हळदीच्या आधी सूपभर कोंडा चाँदअम्माला द्यायचा आणि मला मागून घ्यायचं. माय, मी तेव्हा काय केलं, सांगू? न्हाणीत एकटी असताना मी 'माय' म्हणून बघितलं. दोन-तीनदा. हळू आवाजात. कोंडा दिला रे दिला की सगळ्यांसमोर तुला हाक मारणार होते.

चाँदअम्मा नवं लुगडं नेसून दारात बसली होती. "मी देत न्हाय जा! एवढ्याशा कोंड्यात एवढी मोठी पोर? नक्को!" बायका हसून लोटपोट. तू सूप पुढं केलंस. वारा सुटला, कोंडा उडाला, बांच्या नाकात गेला आणि बा शिंकले! केवढ्यानं शिंकले! हसणं थांबलं. तू तशीच उभी. मग सूप हळूच मागं घेतलंस आणि म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. आज न्हाय."

एका शिंकेनं! मग भटजींनी तोड काढली, कन्यादान चुलता-चुलतीनं केलं आणि तू पाहुण्यासारखी कडेला बसलीस. मी एसटीत चढताना आत्याबाईंना सांगितलंस, "चाँदबीची पोर हाय, जपा." नव्या नवरीनं रडावं तशी मी रडले, असं सगळ्यांना वाटलं. मी रागानं रडत होते. बिचाऱ्या बांनी त्यानंतर कोंड्याच्या पोत्याजवळ जाणंच सोडलं.

"पैलं लेकरू झालं की घीन परत," म्हणालीस. पहिलं लेकरू गेलं. मग तर तू त्या गोष्टीचं नावच काढेनास.

मागच्या उन्हाळ्यात तू तापानं पडलीस. निरोप मिळाला तशी मी भूमहून निघाले. पोटात दिनू होता. तुझ्या उशाशी बसले आणि तोंडातून आलं ते 'मावशी'च. माय, मी प्रयत्न केला गं. जीभच वळेना. तू डोळे उघडलेस, मला बघितलंस, माझ्या पोटाकडं बघितलंस आणि भिंतीकडं तोंड फिरवलंस. पुन्हा वळली नाहीस. मला वाटलं, मरतानासुद्धा हिला मी नको आहे. तुझ्या दहाव्याला मी कोरडी होते. लोकांनी नावं ठेवली.

म्हणून मी आत्याबाईंना नाही म्हणाले. माझ्या लेकानं असलं काही सोसू नये, एवढंच मला हवं होतं.

आणि परवा काय झालं, ऐक. दिनूला कडेवर घेऊन बाजारात गेले होते. जुलाब थांबलेत, गालावर पुन्हा टवटवी आलीय. वांगी घेत होते. वांगीवाली त्याचा गाल ओढून म्हणाली, "काय गोमटं लेकरू हाय! कुणाचं गं?" आणि मी, मी कोंडा, फटकन म्हणाले, "शेजारणीचं हाय. घेतलंय जरा." वर त्याच्या तोंडावर पदर ओढला. वांगी तिथंच राहिली. घरी येऊन उंबऱ्यावर बसले तरी त्याच्या तोंडावरचा पदर काढला नव्हता. इतकी वर्षं ज्या वाक्याचा राग राग केला, ते माझ्या तोंडात कुणी ठेवलं होतं? त्या क्षणी मला दिनू नकोसा झाला होता का गं? उलट, त्याला कुठं लपवू असं झालं होतं.

काल चाँदअम्मा आली. तिच्या हाताला यश आहे म्हणून आत्याबाईंनी निरोप धाडून बोलावली. केस पांढरे झालेत, गुडघे दुखतात, पण एसटीतून एकटी आली. येताना फडक्यात कोंडासुद्धा बांधून आणला. "तुमच्या भूमचा कोंडा कसा आसतो कुनाला ठावं!" म्हणाली. आत्याबाई पाण्याला गेल्यावर मी तिला धरून बसवलं. विचारलं, "अम्मा, खरं सांग. मावशीनं मला परत का घेतलं न्हाय?"

"कौन बोला गे तेरेकू?" ती म्हणाली. "तिनं तर तवाच घेतली व्हती."

मग तिनं सांगितलं. मला तिच्या ओटीत टाकून तू सूप घेऊन घरी गेलीस, ओली बाळंतीण. रडत बसली असशील म्हणून ती मागोमाग आली. तर तू चुलीपुढं! ज्वारीच्या पिठात तो कोंडा मळत होतीस.

"म्या म्हनलं, पारे, आगं म्हशीला घाल की त्यो. तर म्हनती कशी, 'म्हशीला कशापायी? माझ्या लेकीचं मोल हाय. पोटातनं निघाली, पोटातच ठिवते.' भाकर थापली आन् बसली खात. घशाखाली उतरंना, पानी पिऊन पिऊन खाल्ली. म्या म्हनलं, मला दे तुकडा. तर न्हाय! तुकडाबी दिला न्हाय बाईनं. सगळा कोंडा सरंस्तवर रोज तीच भाकर. मला आन घातली, कुनाला बोलू नको, सटवाईच्या कानावर जाईल. आता गेली ती. आता सटवाईला काय करायचं ते करू दे."

माझ्या लेकीचं, म्हणालीस! एकदा का होईना, तोंडात भाकर असताना का होईना, म्हणालीस! मी चाँदअम्माच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तुझ्या दहाव्याचं राहिलेलं रडणंही त्यातच रडून घेतलं. दिनू घाबरून तोंडाकडं बघत होता.

मग ते भिंतीकडं वळणंही कळलं. माझ्या पोटातल्याला तुझी नजर लागू नये म्हणून वळलीस ना? किती वेडी होतीस गं! मला एकदा डोळेभर बघून घेतलं असतंस तर काही बिघडलं नसतं.

तर उद्या दिनू विकला जाईल. मी आत्याबाईंना हो म्हणून सांगितलंय. त्यांनी लगेच चुलीवर पुरण चढवलं! चाँदअम्मा त्याला ओटीत घेईल आणि मी कोंडा घेईन. आमचे हे हसतील, हसू देत. माय, तुला कबूल करते, त्या कोंड्याची भाकर मी थापीन आणि सगळी खाईन, तुकडाही कुणाला देणार नाही.

पण तुझी एक गोष्ट मी मोडणार, रागावू नकोस. तो मला मावशी म्हणणार नाही. पहिल्या शब्दापासून माय म्हणेल. आणि तो जेवायला बसला की मी चुलीकडं बघणार नाही, त्याच्याकडंच बघणार, पोट भरेस्तोवर बघणार. लागली माझी नजर तर लागू दे. घरात मीठ-मोहऱ्या आहेत, माझी नजर मीच काढीन.

तुझीच लेक,
कोंडा