आईच्या बाजूचा आरसा

दि. ९ एप्रिल, दुपार

चि. बबडी हिस,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. आईचं प्लास्टर परवा काढलं. पाऊल अजून सुजतं, पण काठी घेऊन घरातल्या घरात फिरते आणि मी भांडी कशी चुकीची लावतो ते मला दाखवते. म्हणजे बरी आहे.

सुट्टीत चिमीला फिरवायला गाडीमागे जोडायचा, आत राहता येईल असा ट्रेलर घ्यायचा होता, त्याचं कुठवर आलं, असं तू विचारलं होतंस. सविस्तर लिहितो. फोनवर तुझी आई मध्ये बोलते आणि माझं एकही वाक्य पुरं होत नाही.

आम्ही तीन पाहिले. पहिला कापडी, उघडला की तंबू. विक्रेत्याने चार मिनिटांत उभा केला आणि म्हणाला, आता तुम्ही करून बघा. अर्ध्या तासाने माझ्या हातात एक खांब शिल्लक होता आणि तो कुठला हे त्यालाही सांगता येईना. दुसऱ्यात संडास, न्हाणी, फ्रीज, सगळा थाट. आपल्या गाडीने तो जागचा हलला नसता. तिसरा एका सुताराने स्वतःसाठी बांधलेला. हलका, मागचं दार वर उचललं की आत ओटा, शेगडी आणि खण. तुझ्या आईने ते खण तीनदा उघडून मिटले. "अहो, हाच," म्हणाली. माझं मत कोणी विचारलं नाही.

सुताराने बजावलं की जड सामान चाकांच्या वर ठेवा, शेवटाला नको, नाहीतर रस्त्यावर ट्रेलर झुलायला लागतो. आणि उभा करताना आधी चाकांना ठोकळे, मग फळ्या घालून समतल करा, मग ट्रेलरच्या कोपऱ्यांचे चारी पाय टेकवा. आईने समतल पाहायला ताटात पाणी ओतलं. पाणी एका कडेला गेलं की फळी सरकवायची, पुन्हा पाहायचं. मी कंटाळलो, ती नाही. पडदे तिनेच शिवले. टेबल खाली केलं की दोन बाकांच्या मधोमध चिमीची झोपायची जागा होते. तू कळवलेल्या उंचीपेक्षा वीतभर जास्तच ठेवली आहे, सुट्टीपर्यंत पोर वाढली तर.

इथवर लिहून चहा करून आलो. आता पुढचं लिहायलाच हवं.

तू गेल्या पत्रात लिहिलंस, "बाबा, तुम्ही बरोबर आहात म्हणून चिमीला पाठवतेय. आईचं लक्षच नसतं कुठे. ती सरळ पायरीवरून पडते! चिमीला तिच्या भरवशावर सोडू नका." हे आईने आधी वाचलं. पत्र माझ्या हातात दिलं आणि मटार सोलायला बसली.

बबडे, ती पायरीवरून पडली नाही. ट्रेलरचं चाक तिच्या पायावरून मी घातलं.

अंगणात मागे घेत होतो. ती मागे उभी राहून "या, या" करत होती. मागे घेताना नियम एकच: सांगणारा माणूस आरशात दिसेनासा झाला की थांबायचं. तीस वर्षं मी बस चालवली, त्यातली शेवटची सहा नव्या ड्रायव्हरांना शिकवण्यात गेली, आणि हा नियम त्यांच्याकडून घोकून घेतला. त्या दिवशी ती आरशात नव्हती आणि मी थांबलो नाही. कारण त्या आरशात काही न दिसण्याची मला सवय झाली होती. डावीकडचं, म्हणजे गाडीत आई बसते त्या बाजूचं, मला वर्षभर नीट दिसतच नाही. काचबिंदू आहे. डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षीच सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, थेंब घाला आणि गाडी चालवणं बंद करा. मी थेंब घातले.

हॉस्पिटलात मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "पायरीवरून घसरले." माझा जीव भांड्यात पडला. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. त्यानंतर तू दर फोनला तिला बोलत राहिलीस, ती "हो गं, चुकलंच माझं" म्हणत राहिली आणि मी शेजारी बसून पेपर वाचत राहिलो.

वर्षभर गाडीत ती बाजूला बसून सांगायची, "सायकलवाला आहे," "अजून वळू नका." मला वाटायचं, काय ही किटकिट! बस तू चालवलीस की मी, असंही एकदा सुनावलं. काल शेवटी विचारलं, तुला माहीत होतं का? "अहो, त्या बाजूची वाटी तुम्ही दोनदा सांडलीत. मला काय कळत नाही?" मग म्हणाली, "पोरीचा हिरमोड करू नका. मी बसते ना बाजूला. सांगत जाईन."

आणि मी हो म्हणालो. आज सकाळी गाडी पुसायलाही घेतली. मागची सीट पुसताना लक्षात आलं, चिमी बसणार ती याच बाजूला. फडकं तिथेच टाकलं आणि आत आलो.

तिला माझ्या गाडीत बसवायचं नाही. तू स्वतः तिला घेऊन ये. ट्रेलर अंगणात उभा करून ठेवतो, दोघी त्यात झोपा. पुढे जावईबुवांना चालवायला जमलं तर पाहू, नाहीतर सुताराला परत देऊ. गाडीच्या दोन्ही किल्ल्या या पाकिटात घातल्या आहेत.

आईला हे पत्र माहीत नाही. कळल्यावर ती माझ्याशी अबोला धरेल आणि तुला सांगेल की बाबांचं काहीतरीच असतं. तिचं ऐकू नकोस. तिला जे जे बोललीस ते आता मला बोल.

चिमी कारण विचारील. आजीचा पाय दुखतो, असं सांगू नकोस. आजोबांना दिसत नाही, असं सांग.

तुझे
बाबा