माझ्या अस्थी नाशिकला नेऊ नयेत

मी, प्रमोदिनी शशिधर टिपणीस, वय अडुसष्ट, निवृत्त लॅटिन शिक्षिका, राहणार लेस्टर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझी अखेरची इच्छा लिहून ठेवते. शरीर थकले आहे, स्मरणशक्ती थकलेली नाही. तेच दुःख आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते यजमानांनी सांगितले तसे लिहिले होते.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक माझा मुलगा विनय याला द्यावी. तो ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत आहे, दर रविवारी फोन करतो. त्याच्याविषयी तक्रार नाही. व्यवस्थाही त्यानेच पाहावी.

२. ग्रीक-लॅटिनची पुस्तके माझ्या शाळेला देऊ नयेत, फुकटसुद्धा. शाळेने लॅटिन बंद केले तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "नो डिमांड, मिसेस टिपणीस." ज्या देशात महिन्यांची नावे रोमची, 'थिएटर' हा शब्द ग्रीक, कोर्टातले निम्मे शब्द लॅटिन, तिथे मागणी नाही! माझी शेवटची विद्यार्थिनी सीमा आता सॉलिसिटर आहे. तिला हवी तेवढी तिने घ्यावीत.

३. यजमानांचा स्टेथोस्कोप विनयने न्यावा. मला तो घरात सोसत नाही. माझी मुलगी अनुराधा मेडिकल सोडून प्राचीन इतिहासाकडे वळली, तेव्हा डॉक्टर जेवता जेवता म्हणाले, "मेलेल्यांच्या भाषेवर पोट भरणार आहेस?"

"बाबा, तुम्ही दिवसभर तीच बोलता. न्यूमोनिया, डायबेटिस, ॲनिमिया, सगळं ग्रीकच."

ते ताटावरून उठले. पुन्हा तिच्याशी बोलले नाहीत.

४. १९८३ साली ग्रीसमध्ये उत्खननाचा चर ढासळून अनुराधा गेली. मी म्हटले, "अहो, तिला घरी आणू या."

"तिनं तो देश निवडला. राहू दे तिथंच."

मी एकटी गेले. तिथे दहनाला परवानगी नव्हती. ज्यांचे पूर्वज चितेची आग वाइनने विझवत, असे मी वर्गात शिकवले, त्यांच्याच गावात लेकीला मातीत ठेवले. तीन वर्षांनी तिथल्या रिवाजाप्रमाणे कबर उघडली. तिच्या घरमालकीणबाईंनी एकेक हाड वाइनने धुऊन माझ्या हातात दिले. मी ते पत्र्याच्या पेटीत ठेवत गेले. पेटी तिथल्याच दफनभूमीच्या अस्थिगृहात आहे.

शेवटच्या आजारात डॉक्टर म्हणाले, "अनूचा फोटो दे." दिला. क्षमा केली नाही. इथेही करत नाही.

५. त्यांच्या अस्थी गोदावरीत गेल्या. माझ्या तिथे नेऊ नयेत. लेस्टरला दहन करून राख ग्रीसला न्यावी आणि अनुराधाच्या पेटीत ठेवावी. विनय म्हणतो, "आई, बाबा एकटे पडतील." पडू देत.

रोमन माणसाला मृत्युपत्रात वारसाला अट घालता येई. मी घालत नाही. विनय, तू गेला नाहीस तरी घर तुझेच. पण जा. पेटी उचलून बघ. तुझी बहीण किती हलकी झाली आहे, हे आजवर मला एकटीलाच ठाऊक आहे.

लेस्टर, ९ नोव्हेंबर १९९४
(सही) प्रमोदिनी शशिधर टिपणीस

बाईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली; मग त्यांच्यासमोर आम्ही केल्या.
(सही) डॉ. सुप्रभा देवस्थळी, स्नेही
(सही) कीथ पामर, शेजारी