आवळायचे राहिलेले चार बोल्ट

मी, सिरिल टॉमस ब्रॅमली, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त फिटर, राहणार बेडवर्थ, वॉरिकशर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, पण कायद्याला फुप्फुसांशी कर्तव्य नाही. वकीलसाहेबांनी बजावलं की कोणाला काय तेवढंच लिहा, का ते लिहू नका. त्यांनी स्वतःच्या मृत्युपत्रात खुशाल तसं करावं. याआधीची माझी सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. घर, त्यातलं सामान आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी ग्लेनिस हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरवल्यावर बंद होतो, हे तिच्या नवऱ्याला मी सहा वेळा सांगितलं आहे. सातव्यांदा इथे लिहून देतो.

२. बुश दाबून बसवायचा माझा प्रेस शेजारी केनेथ टिपलर यांनी २००४ साली दोन दिवसांसाठी नेला. ते दोन दिवसच अजून संपायचे आहेत. प्रेस आणि माझी बाकीची हत्यारं गावातल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाला द्यावीत. केनेथचा माझ्या टेबलावरच्या शिकंज्यावर, म्हणजे व्हाइसवरही डोळा आहे. साक्षीदाराला आणि त्याच्या बायकोला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असा कायदा आहे. म्हणूनच साक्षीला मी त्या नवराबायकोलाच बोलावलं आहे.

३. आता गाडी. सदुसष्ट सालची, हिरवी, दोन दारांची, टप मागे टाकता येणारी. तिची हकीकत लिहिल्याशिवाय ती कोणाला देता येत नाही, वकीलसाहेबांचा नाइलाज आहे.

१९९२च्या ईस्टरच्या सुट्टीत मी आणि माझा धाकटा भाऊ नेव्हिल, दोघांनी मिळून तिच्या पुढच्या चाकांचे झिजलेले बुश, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या रबरी नळ्या, बदलले. रबरी बुश बसवताना बोल्ट आधी नुसते हाताने लावायचे. मग गाडी खाली उतरवायची, तिचं वजन चाकांवर येऊ द्यायचं आणि त्यानंतर पाना चालवायचा. चाकं लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि वर्षभरात फाटतं. हे न कळणाऱ्याने गाडीला हात लावू नये.

पुढच्या फेब्रुवारीत एका वळणावर गाडी माझ्या हातात राहिली नाही. कुंपणात घुसलो. शेजारी माझी बायको डोरोथी होती, तिचं मनगट दोन ठिकाणी मोडलं. गाडी ओढून आणणारा मेकॅनिक खाली वाकून म्हणाला, हे बुश कोणीतरी हवेतच आवळलेत.

पुढच्या रविवारी जेवणाच्या टेबलावर सात माणसांदेखत मी नेव्हिलला म्हणालो, "डोरोथीचा हात तू मोडलास. तुला कधी दम निघाला आहे का?"

त्याने काटा खाली ठेवला. "बोल्ट मी नाही आवळले, सिरिल. मी तुला पाने देत होतो."

मी म्हणालो की वर खोटं तरी बोलू नकोस. त्याने कोट उचलला आणि गेला. त्याला अठरा वर्षं झाली. नेव्हिल चार मैलांवर, ननीटनला राहतो. डोरोथीच्या अंत्यविधीला तो शेवटच्या बाकावर बसला आणि चहा न घेताच निघाला. मी पाहिलं होतं. हाक मारता आली असती.

गाडी त्या अपघातापासून चादरीखाली. यंदा मार्चमध्ये डॉक्टरांनी मला मुदत सांगितली, तेव्हा ठरवलं की ग्लेनिसच्या हाती चालती गाडी द्यायची. जावईबापूंनी सुचवलं की प्लॅस्टिकचे बुश घाला, जन्मभर टिकतात. माझा जन्म किती उरलाय, ते त्यांना ठाऊक होतं. आणि त्या बुशांनी रस्त्यातला खडान् खडा बुडाला कळतो.

दिवा घेऊन गाडीखाली सरकलो, तर पिवळा रंग दिसला. कारखान्यातली माझी सवय आहे. शेवटचा पाना मी स्वतः चालवला की जोडावर पिवळी रेघ ओढायची, अर्धी चाक धरणाऱ्या दांड्यावर, अर्धी गाडीच्या चौकटीवर. रंगाच्या डबीला नेव्हिलला मी कधी हात लावू दिला नाही. त्या रेघेचे दोन तुकडे बोटभर सरकलेले होते. गाडी जॅकवर चढवली. चाकं लोंबकळली आणि तुकडे जुळले. चारही बोल्टांवर तसंच.

म्हणजे मीच. हवेतच. घाई मला होती.

मग उठून काम केलं, करणार काय? एक बोल्ट गंजून इतका धरला होता की करवतीने कापायला आठ दिवस गेले. प्रेस नव्हता, त्यामुळे नवीन रबर साबणाचं पाणी लावून व्हाइसमध्ये दाबलं. केनेथने हे वाचावं.

४. तेव्हा गाडी माझा भाऊ नेव्हिल ब्रॅमली याला. चूक माझी होती. आरोप माणसांदेखत केला होता, म्हणून कबुलीही साक्षीदारांसमोर देतो. ग्लेनिस म्हणते, "बाबा, फोन उचला आणि सांगून टाका ना काकांना." दोनदा लावला. त्याने हॅलो म्हटलं आणि मी ठेवून दिला.

५. चारही बोल्ट सध्या नुसते हाताने लावलेले आहेत. ते नेव्हिलने आवळावेत आणि रेघही त्यानेच ओढावी. डबी खिडकीत आहे.

६. या कलमांची नक्कल ग्लेनिसने आजच्या टपालाने काकांना पाठवावी, मी मरायची वाट पाहू नये. आवळताना गाडीत माणसाचं वजन लागतं. एकाने आत बसायचं, एकाने खाली जायचं. खाली जाणं आता मला जमत नाही. बसणं अजून जमतं.

सही: सिरिल टॉमस ब्रॅमली

सिरिल यांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि त्यानंतर आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार: केनेथ टिपलर (प्रेस शनिवारी आणून देतो)
साक्षीदार: मॉरीन टिपलर (मी स्वतः आणून देते)

स्थळ: गॅरेज, बेडवर्थ
तारीख: ११ मे २०११