रविवारची किल्ली

८ नोव्हेंबर, शनिवार

दुसऱ्या गिअरमध्ये, पाय तळाला टेकलेला, आणि तरी गाडी ओढेना. दुधिवरे खिंडीत मागे टेम्पो, त्याचा हॉर्न. बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ दिलं. जाताना ड्रायव्हरने खिडकीतून हात केला. उतरून ढकला, अशा अर्थी.

सपाटीलाही काटा साठाच्या वर जात नाही. विलासने ही गाडी दोन वर्षं कशी चालवली, कळत नाही. माझा भाऊ सावकाश जाणारा नव्हता. कामावर छातीत दुखलं म्हणाला आणि गेला, तेही घाईतच. नऊ महिने झाले.

तिकोणा पेठेत वडिलांकडे पोचले तेव्हा आबा खळ्यावर. एकाच पायात चप्पल. दुसरी कुठे, विचारलं. त्यांनी खाली बघितलं.

"आसंल बांधावर."

सुटल्याचं कळलंच नव्हतं. साखरेने पाय बधिर झालेत. डॉक्टर उन्हाळ्यात म्हणाले, तेव्हा मला कळलं.

९ नोव्हें., रविवार

रविवारी किल्ली आबांची. विलास होता तेव्हा रोजचीच. डेअरीला दूध, पवनानगरचा बाजार. तो गेल्यावर गाडी मी तुंगार्लीला माझ्याकडे नेली, कॉलेजला जायला लागते म्हणून. आबांकडे रविवार तेवढा राहिला.

आज शेजारच्या शेवंता मावशींना घेऊन पवनानगरला जाऊन आलो. मी मागे बसले. आबा चालवतात तेव्हा गाडीची काही तक्रार नसते. एक धक्का बसला नाही.

"तुला यत न्हाई," मला म्हणाले. "ह्या गाडीला घाई खपत न्हाई."

मावशी : "आबा बैलगाडीबी आशीच हाकायचं. बैल झोपायचं वाटंत."

आबा हसले. बऱ्याच दिवसांनी.

१२ नोव्हें., बुधवार

दोन मेकॅनिक झाले. फिल्टर ठीक, टर्बो ठीक. दुसऱ्याने तळेगावला नीलेशकडे पाठवलं. हा इंजिनाला हात लावत नाही. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये एक तक्ता असतो, त्याला तो मॅप म्हणतो : पाय किती दाबला की डिझेल किती. तो तक्ता गाडी आणि माणूस बघून नव्याने लिहून देतो. आधी त्या तक्त्याची जुनी फाइल वाचून दोन ठिकाणी ठेवायची, त्याशिवाय एक आकडा बदलायचा नाही. आधी वाचायचं, मग लिहायचं. वर्गात मीही हेच सांगते, कुणी ऐकत नाही.

स्क्रीनकडे बराच वेळ बघत होता.

"मॅडम, ही कंपनीची फाइल नाही. आधी कुणीतरी हात घातलाय. आणि उलटा. लोक ताकद वाढवायला येतात, इथे काढून घेतलीय. पेडलचा पहिला अर्धा भाग मेलेला. साठला कुलूप."

"कुणी केलं असेल?"

"असेल कुणीतरी अडाणी."

विलासने गाडी जुनीच घेतली होती. आधीच्या मालकाचे उद्योग, असं धरलं.

गाडी कोण चालवतं, त्याने विचारलं. मीच, म्हटलं. सातातले सहा दिवस खरंच मी.

स्टिअरिंगखाली एक डबी लावून दिली. आठवडाभर नेहमीच्या रस्त्यांनी चालवायची. पाय, चढ, डिझेल, सगळं ती नोंदवते. त्यावरून माझ्यापुरता मॅप.

गाडी रिकामी करताना मागच्या सीटखाली विलासचे गमबूट सापडले. आत लोकरीचे मोजे. दोन जोड, एकात एक घातलेले. गमबूट चिखलणीचे असतील. मोजे कशाला, ते... बाल्कनीत ठेवलेत. टाकवले नाहीत.

१६ नोव्हें., रविवार

डबी काढून ठेवली आणि किल्ली आबांना दिली. नोंदीत दुसरा पाय मिसळायला नको म्हणून.

१९ नोव्हें., बुधवार

डबी दिली. नीलेश आलेख बघून म्हणाला, "तुमचा पाय फार नेमका आहे, मॅडम." घरी येईपर्यंत ते वाक्य सोबत होतं.

२२ नोव्हें., शनिवार

काल संध्याकाळी नवी फाइल. आज खिंड तिसऱ्या गिअरमध्ये. वर पोचल्यावर मी मोठ्याने ओरडले. गाडीत कुणी नव्हतं.

आबांना म्हटलं, गाडी नीट करून आणली.

"काय बिगाडलं हुतं?"

"ओढत नव्हती."

"मला तर वडत हुती."

२३ नोव्हें., रविवार

सकाळी नऊ. भाताची चार पोती मागे भरली, कामशेतला गिरणीवर न्यायला. आबा बसले. मी फाटक उघडायला पुढे गेले. त्यांनी नेहमीसारखा पाय दिला.

गाडी उडाली. फाटकाकडे नाही, पेंढ्यांच्या गंजीत घुसली. शेवंता मावशी तिथेच पेंढ्या रचत होत्या. तांब्या घ्यायला भिंतीकडे वळल्या होत्या. तेवढ्यानेच वाचल्या. गंजी बॉनेटवर कोसळली, इंजिन बंद पडलं. आबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच.

मावशी अंगावरचा पेंढा झटकत बोलल्या, "एवढी म्हशीवानी बाई, दिसत न्हाई व्हय आबा?"

कुणी हसलं नाही.

आबा उतरले. "पाय चुकला माजा," म्हणाले. घरात जाऊन किल्ली खिळ्याला अडकवली. "झालं. संपलं हितनं फुडं."

पाय चुकला नव्हता. पाय तोच होता, गाडी दुसरी होती. मला हे तिथेच, पेंढ्या बाजूला करताना कळलं. बोलले नाही. दुपारी जेवताना बोलायचं ठरवलं. जेवताना ते भिंतीकडे तोंड करून बसले.

पोती उतरवून ठेवली. गाडी घेऊन परत आले.

२६ नोव्हें., बुधवार

नीलेशला सातवा दिवस सांगितला. आबांचं वय, पाय, चप्पल, गंजी.

तो म्हणाला, "पाय बघून फाइल करतो मी, मॅडम. हे आधी सांगायला पाहिजे होतं."

जुनी फाइल उघडली. या वेळी सावकाश, ओळीओळीने.

"मी अडाणी म्हणालो. नाही. हे फार जपून केलंय. जिथे जिथे धक्का बसेल तिथे तिथे मऊ केलंय. हा हात ओळखीचा आहे."

पिंपरीत हेच काम करणाऱ्या एकाला फोन लावला. स्पीकरवर. तो माणूस लगेच म्हणाला :

"आठवतंय की. पवनेकडचे. दोन-अडीच वर्षं झाली, मे महिना. गमबूट घालून आले होते. आत मोजे, एकावर एक. म्हटलं साहेब, बूट काढा, पेडल कळणार नाही. तर म्हणाले, कळू नये म्हणूनच घातलेत. वडिलांना कळत नाही. आठवडाभर तसेच चालवून नोंदी आणल्या. दोनदा फाइल बदलून घेतली. वडिलांना सांगायचं नाही म्हणाले. कसे आहेत साहेब?"

नीलेशने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. पलीकडे कुठलंतरी इंजिन चालू होतं, ते बंद झालं.

जुनी फाइल आजच परत घालून घेतली. निघताना नीलेश गाडीपर्यंत आला.

"घातलीय. पण ब्रेकला मॅप नसतो, मॅडम."

२९ नोव्हें., शनिवार

बाल्कनीतले मोजे झटकले. दोन्ही जोड चढवले, वर बूट. मला मोठे होतात. तुंगार्लीपासून तसेच. पायाखाली काही नाही, नुसतं जड. दाबलंय की नाही ते इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचं. ब्रेकला तोही नाही. खिंडीत दुसरा गिअर. टेम्पो पुढे गेला.

गाडी कुठेही उडाली नाही. मी कितीही चुकले तरी.

पेठेत उतरले. आबा ओसरीवर. आधी बुटांकडे बघितलं.

"ह्ये विलासचं."

बूट काढले, खाली बसून सगळं सांगितलं. नवी फाइल मी घातली, तुमचा पाय चुकला नाही. आणि त्याआधीची गाडी विलासने तुमच्या पायाला... ते वाक्य मला नीट करता आलं नाही.



"म्हंजी दोन वरसं त्योच चालवत हुता."

"नाही आबा. तुम्हीच चालवत होता."

"आठवडाभर ह्ये घालून हिंडला?"

"हो."

"उन्हाळ्यात?"

"मे महिन्यात."

"पाय शिजलं आसतील पोराचं."

एक बूट उचलला. आत हात घातला, कोपरापर्यंत. मोजे माझ्या पायात होते.

मग मी ब्रेकचं विचारलं. नीलेशचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं चिडतील.

"बिरेकवर पाय हाय का न्हाई, ते म्या खाली वाकून बगतो."

"कधीपासून?"

"औंदाच्या दिवाळीपसनं."

विलासला हे ठाऊक नव्हतं. त्याने ज्या पायासाठी करून घेतलं तो पाय आता तेवढाही राहिला नाही. हे दोघांनाही कळलं असावं.

संध्याकाळी शेवंता मावशी कालवण घेऊन आल्या. "उद्या रविवार. कुटं हुबी ऱ्हाऊ ते आत्ताच सांगून ठिवा, आबा." आबांनी वाटी घेतली. "घरात," म्हणाले.

किल्ली मी खिळ्याला लावली.

३० नोव्हें., रविवार

सहाला उठले. खिळा रिकामा.

बाहेर आले. आबा गाडीत बसले होते, डावीकडच्या सीटवर, पट्टा लावून. किल्ली स्टिअरिंगपाशी लावलेली. चारही पोती मागे चढवलेली. मावशींचा मुलगा येऊन गेला असणार. बूट त्यांच्या मांडीवर.

मी बूट मागितले. दिले नाहीत.

"तुला लागत न्हाईत. चल."

निघालो. चढाला उजवा पाय हलत होता त्यांचा, माझ्या आधी. पुढे बेडसे गावाजवळ म्हणाले, "येताना फाटकातनं आत म्या घेतो. पोती नसत्याल. मावशीला घरात बसवू."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

गिरणी नऊला उघडली. आमचा नंबर तिसरा.