चार नंबरच्या खोलीतलं उत्तर

६ जानेवारी
निर्णय झाला. मार्चमध्ये क्लासच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे, त्यात मी व्हायोलिन वाजवणार. बाईंनी नाव लिहून घेतलं आणि सगळ्यांना सांगतात तेच मलाही सांगितलं, की ही स्पर्धा नाही, नंबर नाहीत, बक्षीस नाही, वाजवायचं आणि खाली येऊन बसायचं. ठीक आहे. तरी पहिला मीच येणार.

जुन्या विद्यार्थ्यांना आमंत्रण जातं. म्हणजे तिलाही जाईल. ती कॉलेजात असताना इथेच पियानो शिकायची. मी नेमका हाच क्लास लावला, त्याचा याच्याशी संबंध नाही. मला व्हायोलिन लहानपणापासून आवडतं. लांबून पाहिलेलं आहे.

७ जानेवारी
आईने कॉलेजचा विषय पुन्हा काढला. मी शांतपणे स्पष्ट केलं, की मी कॉलेज सोडलेलं नाही, आमचं पटलं नाही. ताई म्हणाली, मग प्राचार्यांनी घरी येऊन तुझी समजूत काढायला हवी होती का? दाजी हसले. दाजींना हसायला कारण लागत नाही. ताटावरून उठलो. मग भूक लागली.

एक गोष्ट लिहून ठेवतो. तिने कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मला नाही म्हटलं होतं, हे खरं. पण कॉफीचं मशीन घरघरत होतं. नीट ऐकू आलं, असं कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

१५ जानेवारी
सरावाला चार नंबरची खोली मिळाली. जिना संपतो तिथे, मागच्या अंगाला. एक खिडकी, एक खुर्ची, भिंतीला टेकलेला जुना पियानो, त्यावर करडं कापड. ती इथेच बसायची.

मोकळी तार वाजवली, गज उचलला. सूर थांबला नाही. भिंतीकडून कोणीतरी तोच सूर धरून ठेवला होता, तोंड मिटून गुणगुणल्यासारखा. मग तो विरत गेला. दार उघडून पाहिलं, जिन्यात कोणी नव्हतं. पियानोचं झाकण बंद. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

मी घाबरलो नाही. व्हायोलिन तसंच हातात धरून घरी आलो, ते घाईमुळे.

१७ जानेवारी
विचार करून निष्कर्ष काढला. ती आहे. म्हणजे ती जिवंत आहे, धडधाकट आहे, बँकेत नोकरीला लागली आहे. पण एवढे तास एका खोलीत काढल्यावर माणूस तिथे थोडा उरतोच. फिजिक्समध्ये असं काही नाही. निदान मी वर्गात होतो तोवर शिकवलं नव्हतं.

२३ जानेवारी
आज प्रश्न विचारले. आधी मनात प्रश्न, मग एक सूर. उत्तर आलं तर हो. मी आठवतो का? हो. कार्यक्रमाला येणार का? हो. मला विसरलीस का? त्यालाही हो आलं. प्रश्नच चुकीचा होता. धरला नाही.

बेसूर वाजलं की गप्प राहते. स्वभाव तोच. त्यामुळे हल्ली बोट ठेवताना फार जपतो.

३० जानेवारी
आमच्या दुकानात बाबांनी झापलं. चष्म्याची डावी काच उजवीकडे बसवली गेली. गिऱ्हाईक तोच चष्मा लावून बाहेर पडलं आणि पायरी चुकलं. बाबांनी विचारलं, लक्ष कुठे असतं तुझं? म्हटलं, वर. ते म्हणाले, वर माळा आहे.

यांना कलाकार सांभाळता येत नाही. उद्यापासून दुकान बंद करायचं. म्हणजे माझ्यापुरतं. उद्या नाही, सोमवारपासून.

५ फेब्रुवारी
भयंकर प्रकार. व्हायोलिन पेटीतून काढत होतो, खाली रस्त्यावर बसने हॉर्न दिला, आणि तिने उत्तर दिलं. बसला. मग झाडणाऱ्या मावशी आत येऊन शिंकल्या, त्यांनाही दिलं. मावशींनी वळून पियानोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, ही खोली मी उजेड असतानाच उरकते.

संतापाने वाजवलंच नाही. पेटी आपटली, तेव्हाही ती काहीतरी पुटपुटली. घरी येताना राग उतरला. एकटी असते बिचारी, कोणीही हाक मारली तरी ओ देते. माफ केलं.

१६ फेब्रुवारी
बाईंपुढे सगळं वाजवून दाखवलं. त्यांनी विचारलं, सूर कधी लागला रे तुला? मी खुलासा केला नाही. मग म्हणाल्या, पहिल्या ओळीनंतरचा विराम दोन मात्रांचा आहे, तू त्यात जेवून येतोस. कशासाठी थांबतोस एवढा? म्हटलं, उत्तरासाठी. त्या म्हणाल्या, अरे, उत्तर पुढच्या ओळीत लिहिलंय, ते तूच वाजवायचं आहेस.

शिकवणाऱ्याला कळतंच, असं नाही.

क्लॅरिनेटवाल्या काकांशी भांडण. निवृत्त माणूस, चार नंबरला माझ्यानंतर त्यांची वेळ. त्यांना कार्यक्रमात शेवटी वाजवायचंय. म्हटलं, शेवटी मी. आवाज चढले. बाई म्हणाल्या, शेवटी खुर्च्या उचलणारे येतात, हवं तर त्यांच्यात नाव घालते.

२७ फेब्रुवारी
हल्ली काहीही बोललो की थांबतो. आज गिऱ्हाईकाला विचारलं, खालची ओळ दिसते का? त्याने अक्षरं वाचून दाखवली, तरी मी थांबलेलोच. आमच्या घराच्या भिंती मुक्या आहेत. रोज एकेका खोलीत वाजवून पाहतो. स्वयंपाकघरात फक्त चमचे हलले.

ताई म्हणाली, जेवताना तू कोणाचं ऐकत असतोस? मला भीती वाटते. हे म्हणताना ती हसत नव्हती. दाजीही हसले नाहीत.

७ मार्च, सकाळ
आज. शर्टाला स्वतः इस्त्री केली. योजना पक्की आहे. सभागृहात पियानो आहेच. पहिली ओळ, विराम, उत्तर. सगळे ऐकतील. मग तिला नाही म्हणायला जागाच राहणार नाही.

७ मार्च, संध्याकाळ
पहिली ओळ लागली. अशी लागली की पुढच्या रांगेतली मुलं चुळबुळ करायची थांबली. गज उचलला. थांबलो.

काही आलं नाही. आणखी थांबलो. सूर वर छताकडे गेला आणि तिकडचाच झाला. कोणीतरी खोकलं. मग मागून एक टाळी ऐकू आली. तिची. मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्यांना वाटलं, संपलं. अजून तीन ओळी होत्या. बाईंनी बाजूने खूण केली, ये आता.

एका ओळीवर एवढ्या टाळ्या आज दुसऱ्या कोणाला मिळाल्या नाहीत, याची नोंद असावी.

८ मार्च
काल एक लिहायचं राहिलं. नंतर चहाच्या टेबलाशी तिला गाठलं आणि विचारलं, उत्तर का दिलं नाहीस? ती म्हणाली, कसलं? सगळं सांगितलं.

हसली असती तर बरं झालं असतं. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, चार नंबरचा पियानो ना? त्याचं उजवं पेडल दाबलेलंच राहतं. मग आतल्या तारा मोकळ्या राहतात, बाहेर काही वाजलं की घुमतात. मी होते तेव्हापासून तसंच आहे. तो सगळ्यांनाच उत्तर देतो.

मग जरा हळू म्हणाली, मी तुला कॅन्टीनमध्ये नाही म्हटलं होतं. म्हटलं, तेव्हा मशीनचा आवाज होता. ती म्हणाली, आता नाहीये.

११ मार्च
चार नंबरला गेलो. फक्त खात्री करायला. खाली वाकून पाहिलं. उजवं पेडल दबलेलं होतं. बोटाने वर ओढलं, टक् झालं. उभा राहून मोकळी तार वाजवली. गज उचलला तिथेच सूर मेला. खुर्ची, खिडकी, करडं कापड. एवढी रिकामी खोली मी आजवर पाहिली नव्हती.

बराच वेळ तसाच उभा होतो. मग एक पाय लांब केला, पेडल दाबून धरलं, आणि तार वाजवली.

आली.

पेडल मी दाबलं होतं, हे मान्य. पण आवाज माझा नव्हता.

पायाला मुंग्या आल्या तरी वाजवत राहिलो. क्लॅरिनेटवाल्या काकांनी दार ठोठावलं, म्हणाले, तुझी वेळ संपली. म्हटलं, थांबा जरा, आमचं बोलणं चाललंय. मग काकांनी विचारलं, कोणाशी रे? इकडे तर एकट्याचंच ऐकू येतंय.